पांढऱ्या झेंडूची गोष्ट

झेंडू आपल्या ओळखीचा. दसऱ्याला दारोदार त्याचे तोरण लागते. झेंडू पिवळा असतो, केशरी असतो. पण पांढरा झेंडू?

अमेरिकेत बर्पी नावाची बियाणे विकणारी कंपनी आहे. पांढऱ्या झेंडूचे बी जो प्रथम देईल, त्याला दहा हजार डॉलर बक्षीस, असे डेव्हिड बर्पी यांनी १९५४ साली जाहीर केले.

आयोवा राज्यात सली नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या अ‍ॅलिस व्होंक या बाई घरच्या बागेत झेंडू लावत. त्यांनी काय केले? सगळ्यांत फिकट फूल निवडले. त्याचे बी जपून ठेवले. पुढच्या वर्षी तेच पेरले. त्यातले फिकट फूल पुन्हा निवडले. असे त्या वर्षानुवर्षे करत राहिल्या. १९७५ साली बक्षीस त्यांना मिळाले.

पाहा मंडळी, बक्षीस नुसत्या फुलाला नव्हते. ते बियाला होते. पेरले की पुन्हा तसेच फूल यायला हवे. एक वेगळे फूल म्हणजे नवा वाण नव्हे.

समजा, उद्या आपल्याच वावरात एखादे आगळे फूल दिसले. मग आपण काय करावे?

आधी त्या झाडाला दोरा बांधावा. त्याचे बी वेगळे ठेवावे. पुड्यावर तारीख लिहावी. पुढच्या वर्षी ते इतर झेंडूपासून दूर लावावे. नाहीतर मधमाश्या दुसरा पराग आणतात आणि वाण बिघडतो. वेगळी निघालेली झाडे उपटून टाकावी. हे काही वर्षे करावे. संकरित बियाच्या झेंडूचे बी धरले, तर पहिल्याच वर्षी नाना तऱ्हेची झाडे निघतात. तिथे धीर जास्त लागतो.

सगळी फुले सारखी आली, की मग कंपनीला पत्र लिहावे. पण घाई नको. एकदा बी हातचे गेले, की ते कोणीही वाढवू शकतो. म्हणून सगळे बी देऊ नये. पैसे किती, नाव कोणाचे, हे आधी कागदावर ठरवावे. कागद पुरता वाचावा. वाचल्याशिवाय सही करू नये.

आपल्या देशात २००१ सालचा कायदा आहे. त्याप्रमाणे शेतकऱ्याला स्वतःचा वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतो. त्यासाठी वाण वेगळा, एकसारखा आणि टिकाऊ असावा लागतो.  आपल्या पिकाची नोंद होते का, याची चौकशी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात करावी.

तारीख लिहिणे, पत्र लिहिणे, कागद वाचणे ही कामे आता आपल्याला येतात. ती दुसऱ्यावर कशाला सोपवायची?

सांगा पाहू :
१. बक्षीस कशाला होते?
२. नवे झाड दूर का लावायचे?
३. बी देण्याआधी कागदावर काय ठरवायचे?