एक ओळख, अनेक यंत्रे : लिनक्स प्रशासनातील करिअर

संगणक क्षेत्रातील करिअर म्हणजे प्रोग्रामिंग, हा समज पालकांमध्ये इतका रूढ आहे की, प्रोग्राम लिहिण्यापेक्षा यंत्रणा नीट चालती ठेवण्यात ज्या विद्यार्थ्याचे मन रमते, त्याच्याविषयी घरात अकारण चिंता सुरू होते. लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरांची देखभाल करणारा सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर हा स्वतंत्र व्यावसायिक असतो आणि या व्यवसायाचे स्वरूप जाणून घेण्यासाठी त्याचे एकच काम, अनेक यंत्रांवरील वापरकर्त्यांची खाती सुरक्षितपणे एकसारखी राखणे, बारकाईने पाहिले तरी पुरेसे आहे.

लिनक्स वापरकर्त्याला नावाने नव्हे, तर यूआयडी नावाच्या क्रमांकाने ओळखते. बहुतेक लिनक्स वितरणांत सामान्य वापरकर्त्यांचे क्रमांक १००० पासून सुरू होऊन खाती उघडली जातील तसे वाढत जातात. त्यामुळे दोन यंत्रांवर खाती वेगवेगळ्या क्रमाने उघडली गेली, तर एका ठिकाणी १००१ हा क्रमांक स्मिताचा आणि दुसऱ्या ठिकाणी राहुलचा ठरतो. फाइली सामायिक करणारी एनएफएस ही व्यवस्था तिच्या पारंपरिक मांडणीत केवळ क्रमांकच पाहत असल्याने, स्मिताची खासगी कागदपत्रे दुसऱ्या यंत्रावर राहुलला उघडता येतात, आणि त्रुटीचा संदेश कोठेही उमटत नाही. पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’सारख्या महासंगणकात, जेथे एकाच संशोधकाचे काम अनेक यंत्रांवर एकाच वेळी चालते, तेथे क्रमांकांची एकरूपता हा सगळ्या मांडणीचा पाया असतो.

खात्यांच्या फाइली सर्व यंत्रांवर उतरवणे हा सोपा वाटणारा उपाय धोक्याचा आहे, कारण पासवर्डांची सांकेतिक रूपे त्यामुळे जागोजागी पसरतात आणि बंद असलेल्या यंत्रापर्यंत बदल पोहोचतच नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० च्या दशकात आणलेली एनआयएस ही पद्धत खात्यांची माहिती एकाच ठिकाणाहून पुरवत असली, तरी ती नेटवर्कवरून उघडपणे पाठवत असे. रेड हॅट कंपनीने आपल्या एंटरप्राइज लिनक्सच्या नवव्या आवृत्तीतून ही पद्धत काढून टाकली. आज ओळखीची माहिती एलडॅप या मध्यवर्ती निर्देशिकेत ठेवतात आणि ओळख पटवण्याचे काम, एमआयटीच्या १९८३ मध्ये सुरू झालेल्या अथेना प्रकल्पातून आलेल्या कर्बेरॉसकडे सोपवतात. कर्बेरॉसमध्ये पासवर्ड नेटवर्कवरून जात नाही, तर वापरकर्त्याला ठरावीक मुदतीचे ‘तिकीट’ मिळते. म्हणूनच यंत्रांच्या घड्याळांत सामान्यतः पाच मिनिटांहून अधिक फरक पडला, तर प्रवेश नाकारला जातो. फ्री-आयपीए या मुक्त प्रणालीत हे दोन्ही घटक एकत्र मिळतात. यंत्रे मोजकीच असतील, तर एवढा पसारा न मांडता ॲन्सिबल या स्वयंचलन साधनाद्वारे क्रमांक व दुरून प्रवेश देणाऱ्या एसएसएच किल्ल्या ठरवून देणे अधिक शहाणपणाचे.

खाते उघडणे कोणालाही जमते. कर्मचारी नोकरी सोडतो त्या दिवशी प्रशासकाची खरी परीक्षा होते. केवळ पासवर्ड कुलूपबंद केला, तरी एसएसएच किल्लीने आत येण्याचा मार्ग उघडा राहू शकतो. म्हणून खात्याची मुदतच संपवावी लागते, त्या व्यक्तीची चालू सत्रे तोडावी लागतात आणि तिच्या नावे वेळापत्रकानुसार चालणारी कामेही थांबवावी लागतात. हा सावधपणा पाठांतराने येत नाही.

या व्यवसायात येण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी घेतल्यानंतर सी-डॅकचा माहिती-तंत्रज्ञान पायाभूत सुविधा व सुरक्षा या विषयावरील पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम हा एक मार्ग आहे. रेड हॅटची आरएचसीएसए ही परीक्षा पूर्णतः प्रात्यक्षिक असून तिचे प्रमाणपत्र तीन वर्षे वैध असते. त्याआधी मात्र घरच्या संगणकावर तीन आभासी यंत्रे उभारून, त्यांपैकी एकावर फ्री-आयपीए बसवून, उरलेली दोन त्याला जोडून पाहावीत. कामात रात्री-अपरात्री फोन येऊ शकतो, हे पालकांनी आधीच लक्षात घ्यावे. एखाद्या खासगी वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी, विद्यार्थ्याला सर्वाधिकार असलेले स्वतःचे यंत्र मिळणार आहे का आणि ते बिघडवून पुन्हा उभे करण्याची मुभा आहे का, हे दोन प्रश्न त्यांनी तेथे अवश्य विचारावेत.