चेहऱ्याचा अभ्यास

चंदीगड शहराच्या सेक्टर १० मध्ये शासकीय संग्रहालय आणि कलादालन आहे. ल कार्बुझिए या वास्तुशिल्पकाराने त्याचा आराखडा तयार केला आणि ६ मे १९६८ रोजी त्याचे उद्घाटन झाले. येथील गांधार शैलीची शिल्पे मूळची लाहोरच्या संग्रहालयातील. फाळणीनंतर, १९४८ मध्ये, त्या संग्रहाची वाटणी झाली. साठ टक्के वस्तू पाकिस्तानकडे राहिल्या आणि चाळीस टक्के भारताच्या वाट्याला आल्या. करड्या दगडात कोरलेले हे बुद्धाचे व बोधिसत्त्वांचे चेहरे पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. दगड तोच असतो. परंतु पाहणारा दोन पावले डावीकडे सरकला, की भुवईखालची सावली बदलते, ओठांची कड ठळक होते आणि शांत भासणारा चेहरा काहीसा कठोर दिसू लागतो. व्यक्तिचित्रणाचा, म्हणजे माणसाचे व्यक्तित्व टिपणारे छायाचित्र घेण्याच्या कलेचा, पहिला धडा येथे कॅमेऱ्याशिवाय गिरवता येतो.

कॅमेरा हाती आला, की तो कसा चालतो हे आठवड्याभरात कळते. कोणाचा चेहरा कोठून, कोणत्या प्रकाशात आणि केव्हा टिपावा, हे मात्र यंत्राबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत नसते. ते ज्यांना साधले त्यांच्या कामातूनच शिकावे लागते. हा मार्ग जुना आहे. विसाव्या शतकातील विख्यात व्यक्तिचित्रकार युसुफ कार्श यांनी अमेरिकेतील बोस्टन येथे जॉन गारो यांच्याकडे उमेदवारी केली. गारो यांनी त्यांना तंत्र तर शिकवलेच, पण जुन्या थोर चित्रकारांची चित्रे अभ्यासण्याचीही सवय लावली. सतराव्या शतकातील रेम्ब्राँटने मेणबत्ती किंवा खिडकीच्या उजेडात रंगवलेले चेहरे कार्श यांना छायाचित्रणाच्या पुस्तकाइतकेच उपयोगी पडले.

थोर छायाचित्र पाहायचे म्हणजे काय करायचे? ‘छान आहे’ असे म्हणून पान उलटणे म्हणजे अभ्यास नव्हे. प्रथम डोळ्यांच्या बाहुल्या पाहाव्यात. त्यांत एक लहानसा चमकदार ठिपका असतो. तो प्रकाशाच्या उगमाचे प्रतिबिंब होय. ठिपका चौकोनी असेल तर प्रकाश बहुधा खिडकीचा आहे; तो बाहुलीच्या वरच्या डाव्या बाजूस असेल तर खिडकी त्याच बाजूला होती. मग नाकाची सावली पाहावी. ती सरळ खाली पडली असेल तर प्रकाश समोरून आणि वरून आला आहे. गालावर आडवी पसरली असेल तर बाजूने. सावलीची कड पुसट असेल तर प्रकाश मोठ्या पृष्ठभागावरून पसरून आला आहे, आणि धारदार असेल तर उघड्या उन्हाचा किंवा लहान दिव्याचा आहे. काही छायाचित्रांत अंधाऱ्या बाजूच्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा एक लहान त्रिकोण दिसतो. त्या प्रकाशयोजनेला रेम्ब्राँटचेच नाव मिळाले आहे. एवढे वाचता आले, की छायाचित्रकाराने काय केले ते त्याला न विचारताही समजते.

याची पडताळणी घरी होऊ शकते. उत्तरेकडील खिडकी, एक खुर्ची आणि सावलीच्या बाजूला उजेड परतवण्यासाठी पांढरी चादर किंवा थर्माकोलचा तक्ता, एवढे साहित्य पुरते. चंदीगड कर्कवृत्ताच्या बरेच उत्तरेला, सुमारे ३०.७ अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे तेथे माध्यान्हीचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच राहतो आणि उन्हाळ्यातील सकाळ-संध्याकाळ वगळता उत्तरेच्या खिडकीतून सौम्य, स्थिर प्रकाश येतो. मुंबईच्या विद्यार्थ्याने मात्र एवढे ध्यानात ठेवावे, की तेथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे झुकतो.

प्रकाश समजला तरी माणूस समजला असे होत नाही. खरी कसोटी येथे लागते. ३० डिसेंबर १९४१ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी कॅनडाच्या संसदेत भाषण केले. त्यानंतर कार्श यांना त्यांचे छायाचित्र घ्यायचे होते. चर्चिल यांना मात्र त्याची आगाऊ कल्पना नव्हती. थोडक्या वेळाची परवानगी मिळाली, पण तोंडातील चिरूट ते बाजूला ठेवीनात. कार्श पुढे झाले, क्षमा मागून त्यांनी तो चिरूट काढून घेतला आणि चर्चिल संतापाने पाहत असतानाच कळ दाबली. महायुद्धातील ब्रिटनच्या निर्धाराचे प्रतीक म्हणून ते छायाचित्र जगभर गेले. वस्तुतः तो राग चिरुटाचा होता. त्याच भेटीत कार्श यांनी हसऱ्या चर्चिलचेही छायाचित्र घेतले. ते फारसे कोणाला आठवत नाही. हे धाडस अनुकरणीय मानावे काय? पंतप्रधानाशी असे वागणारा छायाचित्रकार निदान स्वतः धोका पत्करतो. एखाद्या गरीब किंवा संकोची माणसाशी तसे वागण्यात धाडस कसले?

याच्या उलट टोकाचे उदाहरण आपल्याच देशातील आहे. १९४६ मध्ये मार्गारेट बर्क-व्हाइट महात्मा गांधींचे छायाचित्र घेण्यास आल्या, तेव्हा प्रथम चरखा चालवायला शिका, असे त्यांना सांगण्यात आले. त्या शिकल्या. प्रखर प्रकाश देणारे फ्लॅशचे दिवेही त्यांना मोजकेच वापरू दिले गेले. त्या प्रसिद्ध छायाचित्रात चरखा अगदी पुढे आहे आणि गांधीजी मागे, खिडकीच्या उजेडात, वाचनात गढलेले आहेत. चेहरा चित्रचौकटीचा लहानसा भाग व्यापतो. तरीही ते व्यक्तिचित्रच आहे, कारण त्या माणसाची ओळख त्याच्या कामातून होते. सुतार, शिंपी, परिचारिका यांची छायाचित्रे घेऊ पाहणाऱ्याने ते जरूर अभ्यासावे.

फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे कोणाला बसवीत नसत आणि फ्लॅशही टाळीत. तेही चित्रकलेचेच विद्यार्थी. आंद्रे लोत यांच्याकडे ते रचना शिकले होते. फाळणीच्या काळात त्यांनी कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीत छायाचित्रे घेतली. हे ठिकाण आजच्या चंदीगडपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे, आणि चंदीगड वसवण्याची गरजही त्याच उलथापालथीतून, लाहोर गमावलेल्या पंजाबला राजधानी हवी म्हणून, निर्माण झाली.

त्याच उलथापालथीत आजच्या पाकिस्तानातील झंग येथून एक कुटुंब भारतात आले. त्यातील थोरले बंधू एस. पॉल पुस्तके व नियतकालिके वाचून छायाचित्रण शिकले आणि पुढे ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये नावारूपाला आले. धाकटे बंधू, १९४२ साली जन्मलेले रघु राय, स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेले होते. गाढवाच्या पिल्लाचे त्यांनी घेतलेले छायाचित्र पॉल यांनी लंडनच्या ‘टाइम्स’कडे धाडले, ते छापून आले आणि धाकट्याची वाट बदलली. पुढे १९७७ मध्ये कार्तिए-ब्रेसाँ यांच्या शिफारशीने राय ‘मॅग्नम’ या जगप्रसिद्ध छायाचित्रकार-संस्थेत गेले. भावाच्या घरात राहून, त्याच्या नजरेखाली शिकूनही राय यांची छायाचित्रे भावाची नक्कल वाटत नाहीत. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर त्यांनी टिपलेला मातीत पुरल्या जाणाऱ्या बालकाचा चेहरा पाहवत नाही. पण तो नसता तर त्या रात्रीचा अर्थ कित्येकांना केवळ आकड्यांतच कळला असता.

मराठी वाचकाला गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांचे नाव परिचित असेल. रसायनशास्त्राचे हे विद्यार्थी जाहिरात क्षेत्रातून व्यक्तिचित्रणाकडे वळले आणि चित्रपट व संगीत क्षेत्रांतील अनेक नामवंतांचे चेहरे त्यांनी मृदू, उजळ प्रकाशात टिपले. समोरच्याला मोकळे करण्याची हातोटी त्यांच्या चित्रांतून जाणवते. मात्र नवशिक्याने केवळ त्यांचा प्रकाश उचलला, तर सुरकुत्या पुसल्या जातात आणि सगळे चेहरे एकाच घरातले दिसू लागतात.

हा धोका लहान नाही. आपल्याकडे कित्येक घरांत वडीलधाऱ्या माणसाचे भिंतीवरचे छायाचित्र ओळखपत्रावरून किंवा लग्नातील समूहचित्रातून कापून, मोठे करून घेतलेले असते. हयातीत त्यांचे निवांत बसवून छायाचित्र घ्यावे असे कोणाला सुचलेले नसते. मग नातवंडांना आजीचा जो चेहरा ठाऊक होतो, तो सरकारी कचेरीसाठी ताठ बसलेल्या स्त्रीचा असतो.

कृती : या पाठातील कोणत्याही एका छायाचित्रकाराचे व्यक्तिचित्र ग्रंथालयातील पुस्तकात शोधा. प्रकाश कोठून येतो, हात कोठे आहेत आणि मागे काय दिसते, ते वहीत लिहा. नंतर घरातील किंवा शेजारची एखादी वयस्क व्यक्ती निवडा. तिची संमती घ्या, कॅमेरा बाजूला ठेवून तिच्याशी अर्धा तास बोला आणि मग खिडकीजवळ तिची पाच छायाचित्रे घ्या. त्यांतील कोणते ठेवावे हे प्रथम तिलाच विचारा, आणि तिने निवडलेले तुम्ही निवडलेल्यापेक्षा वेगळे निघाले, तर दोन्ही शेजारी ठेवून त्यांतील फरक लिहा.