गौरींसाठी घेतलेली गोळी

गणपती आठ दिवसांवर आले की औषधाच्या दुकानात हलक्या आवाजात मागितली जाणारी एक गोळी आहे. तिचं नावही सांगावं लागत नाही. ‘पाळी पुढे ढकलायची आहे’ एवढं म्हटलं की स्ट्रिप कागदात गुंडाळून हातात येते. मी ती पस्तिशीपासून घेत होते. आमच्याकडे उभ्याच्या गौरी आणि मी थोरली सून. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मूळावर विसर्जन. या तीन दिवसांत मी बाजूला बसले तर पुरण कोण घालणार, सवाष्णींना कोण वाढणार, या धास्तीपुढे गोळीचं मला कधी काही वाटलंच नाही.

सेहेचाळिसाव्या वर्षी पाळीचं गणित बिघडलं. कधी बावीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. कधी येईल याचा नेम नाही, म्हणून त्या वर्षी मी गोळ्या आधीच सुरू केल्या आणि गौरींचं विसर्जन होईपर्यंत घेतल्या. बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी पाळी आली ती अकरा दिवस चालली. मध्ये पितृपंधरवडा, लगेच घट बसायचे. पुन्हा गोळ्या. नऊ दिवसांचे उपवासही केले, साबुदाणा आणि चहावर. दसऱ्यानंतर जे अंगावरून जायला लागलं ते थांबेना. तासाभरात पॅड बदलावा लागे, गाठी पडत.

सासूबाई म्हणाल्या, ‘पाळी जायच्या वेळेला असंच होतं गं. माझंही असंच झालं होतं.’ त्यांनी मायेनंच सांगितलं आणि मलाही ते पटलं. दिवाळीचा फराळ करायचा होता. दुखणं अंगावर काढायची सवय आपल्याला आईच्या घरापासूनच असते. चकल्या तळताना ओट्याला टेकून उभी राहत होते. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. भाजीची पिशवी घेऊन येताना मधल्या वळणावर थांबून श्वास घ्यावा लागे, कानात धडधड ऐकू येई. वय झालं, असं मनाशी म्हणत होते. सेहेचाळीस हे काय वय झालं?

भाऊबीजेला भावाला ओवाळायला उठले आणि ताम्हनासकट खाली बसले. त्याच संध्याकाळी वहिनीनं मला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी सगळ्यात आधी माझ्या डोळ्याची खालची पापणी खाली ओढून पाहिली. मग आरसा हातात देऊन म्हणाल्या, ‘तुम्हीच बघा.’ जिथे लाल दिसायला हवं तिथे कागदासारखं पांढरं होतं. हिमोग्लोबिन निघालं ६.९. बाईमाणसाचं बारापेक्षा कमी असलं की त्याला पंडुरोग म्हणतात.

त्यांनी मला जे समजावलं ते मी जसंच्या तसं सांगते, कारण ते आधी कुणी सांगितलंच नव्हतं. चाळिशीनंतर दर महिन्याला स्त्रीबीज बाहेर पडेलच असं नसतं. ते पडलं नाही की गर्भाशयाच्या आतलं अस्तर वाढतच राहतं आणि मग एकदम सुटतं. पाळी ढकलायच्या गोळीत जे हार्मोन असतं ते हे अस्तर धरून ठेवतं. गोळी थांबली की ते जातं. गोळीनं माझा आजार निर्माण केला नव्हता. पण बिघडलेली पाळी ही एक खूण होती आणि मी ती खूण सणावारी दाबून टाकत होते. सोनोग्राफीत गर्भाशयात एक गाठही दिसली. अस्तराचा तुकडा तपासायला गेला, तेव्हाचे आठ दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. त्यात वाईट काही निघालं नाही.

ज्यांच्या पायात कधी रक्ताची गुठळी झाली आहे, ज्यांना यकृताचा आजार आहे किंवा कारण न कळता अंगावरून जातं आहे, त्यांनी तर ही गोळी परस्पर घेऊच नये. दुकानदार हे विचारत नाही. मलाही कुणी विचारलं नव्हतं.

एका ठिकाणी मला ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ असाही सल्ला मिळाला. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला होता, तो मला त्या वेळी आठवला. कधीकधी ऑपरेशन खरंच लागतं. पण दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. माझं काम शिरेतून दिलेल्या लोहावर आणि गर्भाशयात बसवलेल्या, हार्मोन सोडणाऱ्या कॉपर-टीसारख्या साधनावर भागलं.

त्यानंतर मी ऋतूप्रमाणे स्वतःकडे पाहायला शिकले. थंडीत नारळाच्या पाण्यात भिजवलेल्या आळिवाचे गूळ-खोबरं घालून केलेले लाडू, रोज एक. आळिवात लोह भरपूर असतं. तरी ६.९ वरून कुणी लाडवांनी वर येत नाही, तिथे औषधच हवं. जेवणावर चहा मी बंद केला, कारण तो लोह अंगी लागू देत नाही. त्याऐवजी पालेभाजीवर लिंबू पिळते. डॉक्टरांनी लोहाची गोळी सकाळी आणि कॅल्शियमची रात्री दिली आहे. दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही. उन्हाळ्यात अंगातून वाफा निघायच्या, रात्री उशी भिजायची. तेव्हा सुती गाऊन, उशाशी पाण्याचा तांब्या, संध्याकाळचा चहा सोडून कोकम सरबत, एवढ्यावर बरंच निभावलं. सगळ्यात आवडती मात्र नाचणीची आंबील, ताक आणि जिरं घालून. हाडांसाठी नाचणी, तीळ आणि शेवग्याचा पाला यांना आमच्या घरात आता वर्षभर जागा आहे. चातुर्मासात उपवास करते, पण साबुदाण्यावर नाही. त्यात पिष्टाशिवाय फारसं काही नसतं. राजगिरा, दाणे, दही घेते, आणि अशक्तपणा वाटला तर उपवास सोडते.

पाळी सात दिवसांहून जास्त चालली, गाठी पडल्या, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग दिसले, तर वयावर ढकलू नका. बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली. त्यानंतर एक थेंबही दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. हे शेवटचं तुमच्या आईला, सासूबाईंनाही सांगा. त्या आपणहून बोलणार नाहीत.

यंदा ज्येष्ठा नक्षत्राच्या दिवशी सकाळीच मला डाग दिसले. मी सासूबाईंना स्वयंपाकघरात जाऊन तसं सांगितलं. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘गोळी घेतली नाहीस ना?’ मी नाही म्हटलं. त्यांनी धाकट्या जाऊबाईंना पूजेला बसवलं, मला पाट दिला आणि पुरण वाटायला पुढ्यात ठेवलं.