मज्जातंतूतील वीज आणि बधिर चट्टा

कोपराची आतली बाजू टेबलाच्या कडेवर आपटली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हा अनुभव आपण सर्वांनी घेतला आहे. मार कोपराला लागतो, मग करंगळी का झिणझिणते? कारण करंगळीचा मज्जातंतू तेथे अगदी कातडीखालून जातो. त्यातून जाणारा संदेश म्हणजे विजेचा आवेग होय.

हा आवेग कसा निर्माण होतो? चेतापेशीच्या आत पोटॅशियमचे व बाहेर सोडियमचे आयन अधिक असतात. पेशीच्या पटलातील पंप दर फेरीत सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो व पोटॅशियमचे २ आत घेतो. आतले काही पोटॅशियम मात्र बाहेर झिरपत राहते. त्यामुळे शांत अवस्थेत पेशीची आतली बाजू सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. पुरेसा स्पर्श वा दाब पडला की सोडियमची दारे उघडतात, सोडियम आत घुसतो आणि आतली बाजू क्षणभर धन होते. लगेच पोटॅशियम बाहेर पडून पूर्वस्थिती येते. तोवर शेजारची दारे उघडलेली असतात. असा आवेग पुढे सरकतो. हॉजकिन व हक्सली यांनी १९५२ साली हे गणिताने मांडले. १९६३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

अनेक तंतूंवर श्वॉन पेशी मायलिनचे वेष्टण गुंडाळतात. वेष्टण नसलेल्या तंतूत आवेग सेकंदाला सुमारे १ मीटर जातो, तर जाड वेष्टित तंतूत १०० मीटरपर्यंत.

कुष्ठरोगाचे जंतू नेमके या श्वॉन पेशींत शिरतात. कोपराचा तो तंतू त्यांच्या तडाख्यात वारंवार सापडतो. तंतू सुजतो, आवेग मंदावतो, शेवटी थांबतो. मग गरम तवा हाताला लागला तरी मेंदूला खबर नसते. भाजणे व जखमा कळत नाहीत, त्या चिघळतात आणि बोटे निकामी होतात. बोटे आपोआप झडतात, हा समज खोटा आहे. तो शाप किंवा पूर्वजन्मीचे पापही नव्हे.

आपल्या विदर्भात या रुग्णांसाठी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला, तर बाबा आमटे यांनी पुढे वरोऱ्याजवळ आनंदवनात काम उभारले. आज सरकारी दवाखान्यात ६ ते १२ महिन्यांचा औषधोपचार मोफत मिळतो व रोग बरा होतो. परंतु मेलेला तंतू पुन्हा जागा होईलच असे नाही. म्हणून अंगावर फिकट वा लालसर बधिर चट्टा दिसताच लपवू नका, तपासून घ्या. आणि शेजाऱ्याला चट्टा असेल तर त्याच्यापासून दूर न होता त्याच्यासोबत दवाखान्यात जा, एवढीच आमची विनंती आहे.