मोरीतून गेलेले पाणी

अभ्यासपाठ : महिला मंडळ, तरुण संघ व रविवारच्या शाळेचे वरचे वर्ग यांच्यासाठी

पाठाचा हेतू : 'हर्बल', 'नैसर्गिक', 'पर्यावरणस्नेही' अशी बिरुदे लावून विकल्या जाणाऱ्या साबण, पावडर, फिनेल इत्यादी वस्तूंची पारख कशी करावी, हे समजून घेणे.

साहित्य : झाकणाच्या दोन काचेच्या बाटल्या, अंगाच्या साबणाचा कीस, थोडा धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा, व्हिनेगर, आणि घरात वापरात असलेल्या साफसफाईच्या दोन-तीन वस्तू.

प्रस्तावना

नाताळ जवळ आला की घरोघरी साफसफाई सुरू होते. भांडी घासली जातात, पडदे धुतले जातात, फरशी लख्ख होते. घर स्वच्छ झाले की घाण नाहीशी झाली असे आपण धरून चालतो. वस्तुतः मळ आणि तो काढण्यासाठी वापरलेले द्रव्य ही दोन्ही मोरीतून बाहेर जातात आणि कोणाच्या तरी नाल्यात, विहिरीत, शेतात किंवा तळ्यात पोहोचतात. म्हणून एखादी वस्तू निरुपद्रवी आहे की नाही हे ठरविताना तीन प्रश्न विचारावयाचे : तिच्यात काय आहे? आपण ती किती वापरतो? आणि आपले पाणी जाते कोठे? बाटलीवरचे हिरवे पान या तिन्हींपैकी एकाही प्रश्नाचे पुरते उत्तर देत नाही. विशेषतः तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बाटलीवर असूच शकत नाही.

१. साबण आणि डिटर्जंट

साबण तेल व कॉस्टिक सोडा यांपासून होतो. पाण्यात गेल्यावर जीवजंतू त्याला लवकर खाऊन टाकतात, हा त्याचा गुण. परंतु बोअरचे किंवा विहिरीचे पाणी जड असेल, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या भाषेत 'दुष्फेन' असेल, तर त्यातील कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन पांढरा साका बसतो. फेस येत नाही आणि साबण मात्र संपत राहतो.

ही अडचण डिटर्जंटने दूर केली. आपल्या देशातील बहुतेक धुण्याच्या पावडरींत मळ सोडविणारे मुख्य द्रव्य खनिज तेलापासून बनते. लहान कारखानदार त्याला 'अ‍ॅसिड स्लरी' म्हणतात. शास्त्रीय नाव लांबलचक आहे : लिनिअर अल्किल बेंझीन सल्फोनेट. हे द्रव्य प्रचारात कसे आले हे समजून घेण्यासारखे आहे.

२. फेसाचा इतिहास

१९५० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे ढीग तरंगू लागले. त्या वेळच्या डिटर्जंटच्या रेणूला फाटे फुटलेले होते. जंतूंना ते फाटे सहजी तोडता येत नसत. पश्चिम जर्मनीने १९६१ साली याविषयी कायदा केला. अमेरिकेतील उत्पादकांनी १९६५ पर्यंत फाटे नसलेला सरळ रेणू स्वीकारला. जंतू तो तोडू शकतात, म्हणूनच आज पाकिटावर 'विघटनशील' असे छापता येते. ही सुधारणा खरी होती आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे.

परंतु येथे एक अट आहे आणि ती पाकिटावर छापलेली नसते. हा सरळ रेणू तुटतो तो मुख्यतः हवेशीर पाण्यात, जेथे जंतूंना प्राणवायू मिळतो तेथे. कुजलेल्या, प्राणवायू नसलेल्या गाळात तो फारसा तुटत नाही, नुसता साठत राहतो.

बंगळूरच्या बेळ्ळंदूर तळ्यावर हेच घडले. शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे त्यात आले. फेस उडून रस्त्यावर येऊ लागला. २०१५, २०१७ आणि २०१८ या वर्षी तर तळ्याच्या पृष्ठभागावर आगीही लागल्या. भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी फेसाचा अभ्यास केला तेव्हा असे दिसले की, डिटर्जंटचे द्रव्य तळाच्या गाळाला चिकटून साठते आणि मोठ्या पावसाने गाळ ढवळला की पुन्हा वर येऊन फेस करते. ज्या द्रव्याला प्रयोगशाळेत 'विघटनशील' हे प्रशस्तिपत्र मिळाले, तेच येथे गाळात तसेच पडून होते.

३. आपले पाणी जाते कोठे?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालानुसार २०२०-२१ साली देशातील शहरांतून रोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघत होते. शुद्धीकरण केंद्रांची क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर होती आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होते ते सुमारे २०,२३५. म्हणजे शंभर बादल्यांतील अठ्ठावीस बादल्या शुद्ध होत आणि बाकीच्या तशाच वाहून जात. शुद्धीकरण केंद्रात हवा घुसळली जाते, म्हणून तेथे डिटर्जंट बव्हंशी नष्ट होते. उघड्या नाल्याच्या काळ्या पाण्यात तशी सोय नाही. तेव्हा एकच पावडर एका गावी बरीचशी निरुपद्रवी आणि दुसऱ्या गावी उपद्रवी ठरू शकते.

प्रत्येक मंडळीने आपल्या गावचा विचार करावा. इंदूरची कान्ह नदी पुढे क्षिप्रेला मिळते. हैदराबादची मुसी कृष्णेला जाते. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याकाठी भातशेती आहे. गोव्यात अनेक घरांना गटारयोजना नाही. घरामागे सेप्टिक टाकी आणि थोड्या अंतरावर विहीर असते. अशा घरी मोरीतले पाणी फार लांब जातच नाही.

४. फॉस्फेटचा प्रश्न

जड पाणी मऊ करण्यासाठी पावडरीत फॉस्फेट घालण्याची पद्धत पडली. फॉस्फरस हे वनस्पतींचे खत आहे. तळ्यात गेले की शेवाळ व जलपर्णी माजतात. ती कुजली की पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील ईरी सरोवराची अशी दशा झाली, तेव्हा १९७२ साली दोन्ही देशांनी करार करून सरोवरांत जाणारे फॉस्फरस कमी करण्याचे ठरविले. युरोपीय संघाने २०१३ पासून घरगुती धुण्याच्या पावडरीतील फॉस्फरसवर मर्यादा घातली. फॉस्फेटऐवजी धुण्याचा सोडा, झिओलाइट किंवा सायट्रेट वापरता येते. म्हणून पाकिटावर 'फॉस्फेटविरहित' असे असेल तर तो नेमका व उपयुक्त दावा आहे. तथापि मैला व शेतातील खते यांतूनही फॉस्फरस येतो. केवळ पावडर बदलल्याने तळे वाचेल असे समजू नये.

५. 'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी काय?

आपल्या आज्या रिठ्याने लुगडी धुवीत, शिकेकाईने केस, चिंचेने पितळ आणि राखेने भांडी. या वस्तू आजही चांगल्याच आहेत, पण त्यांचीही पारख करावी. रिठ्यातील फेस आणणारे द्रव्य माशांना विषारी असते. ते लवकर कुजते, म्हणून बादलीभर पाण्याने बिघडत नाही, पण ओढ्याच्या डबक्यात ओतू नये. राखेचे पाणी क्षारयुक्त असते आणि हातांना झोंबते.

'वनस्पतिजन्य' डिटर्जंटमधील द्रव्य बहुधा खोबरेल किंवा पाम तेलापासून होते. ते सहज विघटन पावते हे खरे. परंतु पाम तेलासाठी मलेशिया व इंडोनेशियात मोठी अरण्ये तोडली गेली, हेही खरे. कच्चा माल झाडापासून आला एवढ्यावरून झाडांचे भले झाले असे होत नाही.

सध्या घरोघरी 'बायो-एन्झाइम' करण्याची प्रथा आहे : तीन भाग फळांच्या साली, एक भाग गूळ, दहा भाग पाणी, आणि तीन महिने वाट पाहणे. होणारा द्रव आंबट असतो आणि बेसिनवरचे क्षारांचे डाग त्याने सुटतात. सालींचा उपयोग होतो हेही बरे. परंतु त्याला जंतुनाशक मानू नये, आणि शहाबादी फरशीवर वा संगमरवरावर ओतू नये, कारण आंबट द्रव्य चुनखडीचा दगड खाते. तळे शुद्ध व्हावे म्हणून ते तळ्यात ओतणे तर उलटेच काम आहे. गुळाचे आंबलेले पाणी कुजतानाही प्राणवायूच खाते.

खाण्याचा सोडा व व्हिनेगर एकत्र करून मोरी साफ करण्याचा सल्लाही ऐकू येतो. फसफस पुष्कळ होते, पण आम्ल व क्षार एकमेकांना मारतात आणि मागे उरते ते जवळजवळ खारट पाणी. दोन्ही उपयोगी आहेत, परंतु वेगवेगळे वापरल्यास.

६. फिनेल, ब्लीचिंग आणि अ‍ॅसिड

जंतुनाशकाचे कामच मारण्याचे आहे. ते चांगले-वाईट जंतू ओळखीत नाही. सेप्टिक टाकी जंतूंच्या बळावर चालते. झाकणभर फिनेलने ती बंद पडणार नाही, पण रोज अर्धी बाटली ओतली तर तिचे काम मंदावते. घरात जुलाब-उलट्यांचा रुग्ण असेल तेव्हा ब्लीचिंगचे द्रावण अवश्य वापरावे. तेथे हात आखडू नये. एरवी रोजच्या फरशीला साधे पाणी आणि किंचित साबण पुरतो. वासाला स्वच्छता समजण्याची आपली सवय मात्र सोडावी लागेल.

येथे शिक्षकांनी एक गोष्ट वर्गाकडून तीनदा म्हणवून घ्यावी : ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रावण आणि संडास धुण्याचे अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. चुकून असे झाले तर ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत यावे. ब्लीच व अमोनिया यांचे मिश्रणही तितकेच वर्ज्य समजावे. तसेच ही द्रव्ये शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नयेत. मुले पाणी समजून पितात.

७. दावा कसा वाचावा?

भारत सरकारने १९९१ साली 'इकोमार्क' योजना काढली. तिचे चिन्ह मातीचे मडके होते. साबण व डिटर्जंट हे प्रकार त्या योजनेत होते, पण फार थोड्या उत्पादकांनी चिन्ह घेतले. २०२४ साली तिच्या जागी नवे नियम आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या. 'हरित', 'नैसर्गिक', 'पर्यावरणस्नेही' असे मोघम शब्द पुराव्यावाचून व खुलाशावाचून वापरू नयेत, असे त्यांत सांगितले आहे. ग्राहकाला पुरावा मागण्याचा आधार त्यामुळे मिळाला आहे.

सोपी कसोटी अशी : दावा नेमका आहे काय? 'फॉस्फेटविरहित' हा नेमका आहे, 'निसर्गाच्या कुशीतून' हा नाही. घटकांची यादी दिली आहे काय? किती पाण्याला किती घालावे हे लिहिले आहे काय?

८. घरी काय करता येईल?

(अ) मोजून घालावे. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. जास्त फेस काढण्यास जास्त पाणी लागते. पाश्चात्त्य देशांत कपडे गार पाण्यात धुण्याचा उपदेश होतो, कारण तेथे पाणी तापविण्यातच मोठी वीज जाते. आपण बहुतेक गार पाण्यातच धुतो. आपल्याकडे बचत करावयाची ती पावडरीची आणि खळबळण्याच्या पाण्याची.

(आ) वस्तू कमी ठेवाव्यात. भांड्यांना एक, कपड्यांना एक, आणि डागांसाठी सोडा व व्हिनेगर, एवढ्यावर बहुतेक घर चालते.

(इ) पुड्यांऐवजी मोठे पाकीट किंवा पुन्हा भरता येणारी बाटली घ्यावी. प्लॅस्टिकच्या घासणीऐवजी नारळाची किशी वापरावी.

(ई) मोरीचे पाणी परसातल्या केळी-अळूला सोडण्याची आपली जुनी रीत चांगली आहे. पण कपड्यांचे पहिले, दाट पावडरीचे पाणी सोडू नये. त्यातील सोडियमने माती घट्ट होते. दुसरे-तिसरे पाणी सोडावे.

(उ) आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंना हातमोजे द्यावेत आणि अ‍ॅसिडचे काम त्यांच्यावर टाकू नये. 'निरुपद्रवी' हा शब्द प्रथम त्यांच्या हातांना लागू झाला पाहिजे.

एवढे करूनही नाला तसाच राहील, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. घरातली काटकसर नाल्यावरचा भार हलका करते, शुद्धीकरण केंद्राची जागा घेत नाही. म्हणून नगरपालिकेला प्रश्न विचारणे हाही या पाठाचाच भाग आहे. नाल्याच्या खालच्या अंगाला राहणारा मनुष्य आपल्याला दिसत नाही, तरी तो आपला शेजारीच आहे.

प्रात्यक्षिके

१. एका बाटलीत पावसाचे पाणी किंवा उकळून गार केलेले व निवळलेले पाणी, दुसरीत बोअरचे पाणी घ्या. दोन्हींत सारखाच साबणाचा कीस टाकून हलवा. फेसातला फरक मुलांना सांगू द्या. मग बोअरच्या पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा घालून पुन्हा हलवा.

२. खाण्याचा सोडा व व्हिनेगर मिसळून फसफस संपू द्या. त्या पाण्याने तेलकट ताटली घासा. दुसरी ताटली साबणाच्या पाण्याने घासा. तुलना करा.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या उपासना मंदिराच्या मोरीचे व संडासाचे पाणी कोठे जाते? पंचांपैकी कोणाला ठाऊक आहे काय?

२. आणलेल्या वस्तूंवरील कोणता दावा नेमका आहे व कोणता मोघम?

३. प्रीतिभोजनानंतर भांडी घासताना किती साबण लागतो? निम्म्यात काम होईल काय?

४. 'विघटनशील' हा शब्द कोणत्या परिस्थितीत खरा ठरतो आणि कोणत्या परिस्थितीत नाही?

५. आपल्या गावच्या शुद्धीकरण केंद्राविषयी नगरपालिकेला कोणते दोन प्रश्न विचारावेत? ते वर्गाने लिहून काढावेत, आणि पुढील पाठापूर्वी दोघांनी ते तेथे नेऊन द्यावेत.