कोलेस्टेरॉलची गोळी, अंगदुखी आणि 'नैसर्गिक' कॅप्सूल



बंदीच्या दोन महिन्यांत बऱ्याच जणांनी रक्त तपासून घेतलं. काहींना डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिली, अ‍ॅटोरवास्टॅटिन किंवा रोसुवास्टॅटिन. १ ऑगस्टला बोटी सुटल्या, जाळी ओढून अंग दुखायला लागलं, आणि आता ऐकू येतं, "गोळीनेच दुखतंय, बंद केली. त्यापेक्षा नैसर्गिक काहीतरी घेतो." म्हणून हा विषय.

कोलेस्टेरॉल बरंचसं आपलं लिव्हरच बनवतं. गोळी ते बनणं कमी करते, मग लिव्हर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल (एलडीएल) जास्त ओढून घेतं. नेहमीच्या डोसने ते साधारण ३० ते ५० टक्के उतरतं. गोळी सोडली की काही आठवड्यांत परत चढतं, आणि चढलेलं कळत नाही. एकदा अटॅक आलेल्याने किंवा स्टेंट बसलेल्याने तर आपल्या मनाने गोळी सोडूच नये. किनाऱ्यापासून पाच तासांवर छातीत कळ आली तर तिथे कोण आहे?

अंगदुखी खोटी नाही, काहींचे स्नायू या गोळीने दुखतात. पण लंडनच्या इम्पीरियल कॉलेजची एक चाचणी २०२० मध्ये छापून आली. त्रासामुळे गोळी सोडलेली ६० माणसं घेतली. वर्षभरात काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी पोकळ गोळी, काही महिने काहीच नाही. खऱ्या गोळीने जेवढा त्रास वाढला, त्याच्या ९० टक्के पोकळ गोळीनेही वाढला! नंतर निम्म्या लोकांनी गोळी परत सुरू केली.

आपलं तर कामच ओढण्याचं. ओढणारा एकच खांदा दुखत असेल तर कारण बहुतेक जाळं. दोन्ही मांड्या, दोन्ही खांदे सारखे दुखत असतील, गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढल्यावर, आणि बोट उभी असतानाही, तर डॉक्टरांना सांगा. ते रक्त तपासून डोस कमी करतात, गोळी बदलतात. लघवी कोऱ्या चहासारखी झाली, अंगातली ताकद गेली, तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. हे फार क्वचित होतं, पण त्यात किडनी जाऊ शकते. साखरही या गोळीने थोडी वाढू शकते. बाईला दिवस गेले असतील तर लगेच डॉक्टरांना कळवावं.

आता नैसर्गिक. मोबाईलवर लाल यीस्ट तांदळाच्या कॅप्सूलच्या जाहिराती येतात. त्यातला मोनाकोलिन के म्हणजेच लोवास्टॅटिन, १९८७ पासून अमेरिकेत विकलं जाणारं औषध. म्हणजे तीच जात, तोच त्रास, फक्त किती आहे ते माहीत नाही. २०२४ मध्ये जपानात अशा एका कंपनीच्या गोळ्यांनी लोकांच्या किडन्या बिघडल्या. मी तरी हे घेऊ नका म्हणेन.

इसबगोल खरंच उपयोगी, पण उतार थोडा. ते भरपूर पाण्यासोबत आणि गोळीपासून दोन तास लांब घ्या. लसणाने त्याहून कमी. बांगडा-तारल्याचं तेल ट्रायग्लिसराइड कमी करतं, एलडीएल नाही. (खोबरेल तेलात तळलेला बांगडा हा औषधात धरू नका!)

दोन-तीन दिवसांच्या फेरीला जाणाऱ्यांनी गोळ्यांची पट्टी पाणी लागणार नाही अशा डब्यात ठेवावी. या दोन गोळ्या दिवसा-रात्री कधीही चालतात. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी एकच घ्यायची, दोन नाही.