एका जोडणीवर घरातील अनेक संगणक

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू झाली आणि अनेक कुटुंबांच्या बैठकीच्या खोलीतच कचेरी व शाळा भरू लागली. संगणक दोन-तीन झाले, इंटरनेटची जोडणी मात्र एकच राहिली. ही जोडणी तारांचे जाळे न पसरता सर्वांना वाटून देणारे उपकरण म्हणजे बिनतारी राउटर होय. पुष्कळ घरांत तो बसवणाऱ्या माणसाने जसा ठेवला तसाच वर्षानुवर्षे राहतो आणि बहुतेक तक्रारींचे मूळ तेथेच असते.

इंटरनेटवर प्रत्येक जोडणीस आकडी पत्ता लागतो. अद्यापही रूढ असलेल्या जुन्या पद्धतीत असे पत्ते जगभर मिळून सुमारे ४२९ कोटीच होतात. त्यामुळे घरातील प्रत्येक संगणकाला स्वतंत्र पत्ता देणे परवडत नाही. राउटर आतल्या संगणकांना बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते स्वतःच वाटतो, कोणी काय मागवले याची नोंद ठेवतो आणि आलेला मजकूर ज्याचा त्याला पोचवतो. वाड्याचा पत्ता एकच असावा आणि दिवाणजीने टपाल बिऱ्हाडोबिऱ्हाडी द्यावे, तसाच हा प्रकार आहे.

मांडणी फारशी अवघड नाही. सेवा पुरवणाऱ्या संस्थेच्या पेटीतून आलेली तार राउटरच्या ‘वॅन’ असे लिहिलेल्या खाचेत बसवावी. दुसऱ्या तारेने एक संगणक जोडून, राउटरखालील चिठ्ठीवर छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये लिहिला म्हणजे मांडणीचे पान उघडते. संस्थेने दिलेले नाव व पासवर्ड मागितल्यास तेथे भरावेत. संस्थेची पेटी स्वतःच राउटरचे काम करीत असेल, तर दुसरा राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ म्हणून चालवावा. नाहीतर पत्त्यांचे भाषांतर दोनदा होते आणि काही कामे अडतात.

खरी काळजी घ्यावयाची ती यापुढे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या सुमारास धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील एका घरच्या असुरक्षित बिनतारी जोडणीवरून पाठवला गेला. तेथील रहिवाशाचा त्यात हात नव्हता, तरी चौकशीस त्यालाच तोंड द्यावे लागले. लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. जोडणी ज्याच्या नावावर, त्याच्या दारी प्रथम विचारणा होते. म्हणून मांडणीच्या पानाचा कारखान्यातून आलेला पासवर्ड आधी बदलावा. सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए-३, ते नसल्यास डब्ल्यूपीए-२ निवडावे. ‘वेप’ ही पहिली पद्धत २००१ मध्येच भेदली गेली होती. ती जुन्या उपकरणांत दिसली तरी वापरू नये. बिनतारी जोडणीचा पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो, पण तेवढ्यावर समाधान मानणे योग्य नव्हे. चार-पाच असंबद्ध शब्दांची ओळ लक्षात राहते आणि ओळखण्यास कठीण जाते. दूरध्वनी क्रमांक किंवा मुलांची नावे शेजाऱ्यांनाही ठाऊक असतात! पाहुण्यांसाठी वेगळी ‘गेस्ट’ जोडणी ठेवल्यास घरचा पासवर्ड कोणाला सांगावा लागत नाही.

वेगाबाबत गैरसमज फार आहेत. एका वाहिनीवर एका वेळी साधारणतः एकच उपकरण बोलते, बाकीची थांबतात. दूरच्या खोलीतील मंद संगणक बोलण्यास अधिक वेळ घेतो आणि जवळच्यांचाही वेग उतरतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूरवर पोचतात, परंतु तेथे गर्दी असते. परस्परांत न मिसळणाऱ्या वाहिन्या १, ६ व ११ या तीनच. शिवाय मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात अडथळा आणते. ५ गिगाहर्ट्झवर वेग जास्त, पण भिंती ओलांडण्याची ताकद कमी. जाड दगडी भिंती किंवा लोखंडी कपाट आड आल्यास हे विशेष जाणवते. म्हणून राउटर कपाटात न लपवता घराच्या मध्यभागी, उंचावर आणि मोकळ्या जागी ठेवावा. टेबलावरून न हलणारा संगणक तारेनेच जोडावा, म्हणजे हवेतील गर्दी तेवढी कमी होते.

वीज गेली की लॅपटॉप चालू राहतो, पण जोडणी तुटते. अशा वेळी केवळ राउटरला बॅटरी देऊन भागत नाही. सेवा-संस्थेची पेटीही त्याच बॅटरीवर घ्यावी लागते. दोहोंच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट व अँपिअर पाहूनच ती खरेदी करावी.